लिथियमची बाटली

१२ जानेवारी

सकाळी लॅबचं दार उघडलं आणि उकडलेल्या अंड्याचा वास नाकात शिरला. गबाळ्या माझ्याआधी येऊन, ज्या टेबलावर आम्ही डीएनएच्या नळ्या ठेवतो त्याच टेबलावर, अंडं सोलत बसला होता. टरफलं काचेच्या बशीत, जिच्यात उद्या कोणीतरी प्रयोग करणार. मी काही बोलले नाही. बोललं की तो "सॉरी ताई" म्हणतो, बशी विसळतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो. ते त्याहून भयंकर.

गबाळ्या हे नाव मी मनात ठेवलंय. शर्टाचं एक टोक आत, एक बाहेर, वहीवर चहाचे गोल डाग, आणि बोलायला लागला की वाक्य कुठे संपवायचं ते त्यालाच माहीत नसतं. लॅबमध्ये कंत्राटावरचे संशोधक आम्ही दोघंच. मी त्याच्यापेक्षा थोडी जुनी. वर सर. बाकी विद्यार्थी येतात, घाण करतात, जातात.

बेसिनबद्दल लिहिणार नव्हते, पण लिहितेच. जाळीवर केस, टिश्यूचा लगदा आणि काहीतरी गुलाबी, चिकट, जे मी गेल्या आठवड्यातही पाहिलं होतं. मी हातमोजे घालून साफ केलं आणि मग हातमोज्यांसकट हात धुतले.

माझी बाटली मात्र वेगळी. डीएनए ज्या मोजूनमापून केलेल्या खारट पाण्यात ठेवतात त्याला बफर म्हणतात. बाकीच्यांचं बफर एका मोठ्या कॅनमध्ये असतं आणि त्यात कोण काय बुडवतं ते देव जाणे. मी माझं स्वतः करते, छोट्या बाटलीत, लिथियमचं. वर चिकटपट्टी लावलीय, 'हात लावू नये'. सकाळी आल्यावर पहिलं काम म्हणजे पीएच मीटरचा इलेक्ट्रोड, तो काचेचा दांडा, शुद्ध पाण्याने तीनदा धुवायचा, टिपायचा आणि बाटलीत सोडून आकडा स्थिर होईपर्यंत शांत उभं राहायचं. आकडा हलला असेल तर समजायचं, कोणीतरी बाटलीशी खेळलंय. एवढी काळजी इथे दुसरं कोणी घेत नाही.

इलेक्ट्रोडमधलं द्रावण आज पुन्हा खाली गेलं होतं. पोटॅशियम क्लोराइडचं दाट पाणी असतं त्यात, ते मीच भरते. सारखं कमी कसं होतं कोण जाणे. पण भरायची वेळ आली की सगळ्यांना कामं आठवतात.

१८ जानेवारी

बाबा गेल्यापासून घरात मी आणि आत्या दोघीच. आत्याने आज विचारलं, तू दिवसभर तिथे नक्की करतेस काय? तिला हे दर दोन-तीन महिन्यांनी विचारायची लहर येते, आणि मग सांगितलेलं ती विसरते. तरी सांगितलं.

डीएनए म्हणजे दोन दोऱ्यांचा पीळ, हे तिला टीव्हीवरून माहीत आहे. मी म्हटलं, त्या दोऱ्यावर काही ठिकाणी 'जी' हे एकच अक्षर ओळीने तीन-तीन, चार-चार वेळा येतं. अशी चार झुबकी जवळ आली की दोरा स्वतःवरच दुमडतो आणि चार पायांची रचना उभी राहते, आत एकावर एक मजले. ती किती पक्की हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, अक्षरांचा क्रम, म्हणजे पायांना जोडणारे दुवे आखूड आहेत की लांब आणि लोंबते. दुसरी, ती कशात उभी आहे. पाण्यात पोटॅशियम असेल तर त्याचे कण मजल्यांच्या मधोमध बरोब्बर बसतात आणि सगळं धरून ठेवतात. सोडियमही बसतं, पण ढिलं. लिथियम जवळजवळ काहीच धरत नाही. म्हणून लिथियमच्या पाण्यात जरा गरम केलं की बहुतेक रचना कोसळतात.

"माझी कोसळत नाही," मी म्हटलं.

आत्या भाजी निवडत होती. म्हणाली, म्हणजे खाटेच्या खुराला पाचर मारतात तसं ते पोटॅशियम. मी म्हटलं, हो, तसंच. मग म्हणाली, "पाचर नसताना तुझीच खाट बरी उभी राहते?"

मी म्हटलं, तिची घडणच तशी आहे. घडण चांगली असली की बाहेरचा टेकू लागत नाही. आत्या म्हणाली, अशी खाट काही आपण पाहिली नाही बाई. प्रत्येक गोष्टीत खोट काढायची तिला सवयच आहे. आमच्या घराण्यातच आहे म्हणा.

२७ जानेवारी

आजचा आलेख पाहून सर खुर्चीतून उठले. ते सहसा उठत नाहीत.

आमची पद्धत अशी की नळी हळूहळू तापवत न्यायची आणि तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडायचा. रचना कोसळायला लागली की आलेख घसरतो. अर्ध्या कोसळतात ते तापमान म्हणजे तिची ताकद. लिथियममध्ये माझ्या रचनेचा आकडा आज सदुसष्ट आला. गेल्या आठवड्यात एकसष्ट होता, त्याआधी पंचावन्न. बाटली नवीन केली तेव्हा तर पस्तीस आणि एक्केचाळीस आले होते, ते मी सोडून दिले. तेव्हा हात बसला नव्हता. हातात सफाई येत गेली तसा आकडा वर चढत गेला, हे दाखवून दिलं तर सरांच्या विद्यार्थ्यांना लाज वाटेल.

सर काडीने दात कोरत म्हणाले, पोटॅशियमशिवाय उभी राहणारी रचना म्हणजे मोठा शोधनिबंध होईल. क्रमच सगळं ठरवतो, परिस्थिती दुय्यम, हे त्यांचं जुनं म्हणणं आहे आणि त्यापायी ते गेली कित्येक वर्षं देव पाण्यात घालून बसलेत. मग काडीच्या टोकावर काय आलं ते त्यांनी पाहिलं आणि काडी माझ्या आलेखाच्या कागदावर ठेवली. मी दुसरी प्रत छापून घेतली.

यंदा एक जागा कायम होणार आहे. एकच. सरांनी तसं स्पष्ट सांगितलं, निबंध ज्याचा जागा त्याची. पण दुसऱ्या हाताने एकदा मोजून घ्यायला हवं म्हणाले. दुसरा हात म्हणजे गबाळ्याचा.

५ फेब्रुवारी

अपेक्षेप्रमाणे घोळ. गबाळ्याने त्याच्या बफरमध्ये तीच रचना मोजली आणि आकडा आला तेहेतीस. तीन वेळा मोजला, तीन वेळा तेहेतीसच्या आसपास. मी म्हटलं, चूकसुद्धा तू किती नेमाने करतोस.

त्याची पद्धत मी बघितली. पीएच पाहायचा तर हा बाटलीतलं थोडं बफर एका कपात ओततो, त्यात इलेक्ट्रोड बुडवतो आणि ते कपातलं बेसिनमध्ये फेकून देतो. नुसती नासाडी. आणि त्यानंतर पुन्हा बघत नाही, महिनाभर बाटली तशीच. वर मलाच म्हणतो, "ताई, तुम्हीपण थेट बाटलीत नका ना घालू तो. थोडं ओतून घेत जा. काय होतं की त्याच्यातून..."

माझा इलेक्ट्रोड घाण असतो, हे मला अंड्याच्या हातांनी कोणी सांगायचं? मी म्हटलं, तीनदा धुते मी तो, तू आधी नखं बघ स्वतःची. त्याने खरंच नखं बघितली. जवळच दोन विद्यार्थी होते, ते हसले. त्याच्या जागी मी असते तर मला शरम वाटली असती.

९ फेब्रुवारी

गबाळ्या दुपारी सरांच्या खोलीत बराच वेळ होता. दार बंद. बाहेर आला तेव्हा कान लाल. चुगल्या करत असणार. सर मला फक्त म्हणाले, तुमचं तुम्ही मिटवा, निबंधाला उशीर नको.

१६ फेब्रुवारी

मिटवते. शेजारच्या इमारतीत पाण्यातले धातू मोजायचं यंत्र आहे. मी दोघांच्या बफरचे नमुने तिथे दिले. त्याच्या पाण्यात काय घाण आहे ती एकदा कागदावर आली की विषय संपला. न विचारता त्याच्या बाटलीतून घेतलं, कारण विचारलं तर तो नवीन करून ठेवील. त्याची बाटली धरलेला हात नंतर साबणाने धुतला.

१९ फेब्रुवारी

धातूच्या यंत्राचा कागद आला.

त्याच्या बफरमध्ये पोटॅशियम जवळपास नाहीच. माझ्यात आहे. भरपूर आहे. माझ्या बाटलीत, जिला माझ्याशिवाय कोणाचा हात लागत नाही.

लागतो. लागलाय. ही बाटली उघड्या कपाटात असते आणि तो रोज माझ्याआधी येतो. त्याला जागा हवी आहे. मी मोजलेलं खोटं ठरलं की निबंध नाही, निबंध नाही तर मी नाही. चिमूटभर मीठ टाकायला कितीसा वेळ लागतो? आणि वर "थोडं ओतून घेत जा ताई". मला आत्ता कळतंय ते कशाला बोलला. आपल्यावर संशय येऊ नये म्हणून आधीच इलेक्ट्रोडकडे बोट दाखवून ठेवलं. गबाळा माणूस इतका पोचलेला असेल असं वाटलं नव्हतं. मला जेवण गेलं नाही. त्याच्याबरोबर एका खोलीत दोन वर्षं श्वास घेतला मी.

२० फेब्रुवारी

सरांना सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, मध्ये एकदाही टोकलं नाही. मग म्हणाले, हे तुम्ही लेखी देऊ शकाल? मी तिथेच बसून लिहून दिलं. सरांनी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. त्यांना इतकं वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. चेहरा अगदी हलका झाला होता, धक्क्याने होतो तसा.

२४ फेब्रुवारी

गबाळ्याचं कंत्राट संपवलं. चौकशी वगैरे नाही, सरांनी बोलावलं, दहा मिनिटांत बाहेर. खोक्यात वही, कप आणि एक स्वेटर भरला. स्वेटरला कोपरावर भोक. विद्यार्थी भिंतीकडे बघत होते.

माझ्या टेबलापाशी थांबला. मला वाटलं भांडेल. म्हणाला, "ताई, नवीन बाटली करा. कुलपात ठेवा. मी तर आता इथे नाही, मग बघा काय होतं ते." कपाळावर घाम होता आणि तो त्याने स्वेटरनेच पुसला.

बघतेच. नवीन बाटली, नवं कुलूप, किल्ली गळ्यात.

२६ फेब्रुवारी

नव्या बाटलीत आकडा छत्तीस. पुन्हा मोजला, तोच. मग लक्षात आलं, मन थाऱ्यावर नाही, हात पुन्हा बसायला वेळ लागणार. आजचं वाचन धरायचं नाही. पीएच रोज दोनदा बघायचा, सकाळी आणि निघताना.

१३ मार्च

सदुसष्ट!

मी रडले. बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं. बेसिन आता स्वच्छ असतं. लॅबमध्ये अंड्याचा वास नाही, टेबलावर डाग नाहीत. कामाला लागणारी शांतता म्हणजे काय ते आता कळतंय. सरांनी आलेख घेतला आणि निबंध पाठवूनही दिला. माझं नाव पहिलं.

आत्याला सांगितलं, मी म्हणत होते ना, टेकूची गरज नाही. आत्या म्हणाली, बरं झालं, आता दोन घास नीट खा. तिला त्यातलं काही कळत नाही, पण खूश होती. तिने माझा कोट इस्त्री करून ठेवलाय. रोजच ठेवते.

३० मार्च

नियतकालिकाच्या परीक्षकाने एक शंका काढली आहे. बफरमध्ये पोटॅशियम नाही याचा पुरावा द्या. किरकोळ. उद्या कुलपातल्या बाटलीतला नमुना धातूच्या यंत्राला देते.

२ एप्रिल

आहे.

पहिल्यापेक्षाही जास्त आहे.

कुलूप शाबूत. किल्ली गळ्यात. तो या इमारतीत गेला महिनाभर पाऊल टाकू शकलेला नाही. यंत्रवाल्या बाईंना मी दुसऱ्यांदा मोजायला लावलं, त्या वैतागल्या, पण त्यांनी मोजलं. तेच.

लॅबमध्ये परत आले. इलेक्ट्रोड स्टँडवर होता आणि आतलं द्रावण खाली गेलेलं. मी ते भरायला बाटली हातात घेतली. बाटलीवर 'पोटॅशियम क्लोराइड' हे माझ्याच अक्षरात लिहिलंय. मी ती किती वेळ धरून उभी होते माहीत नाही.

३ एप्रिल

शुद्ध पाण्याच्या पेल्यात इलेक्ट्रोड ठेवून जेवायला गेले. जेवले नाही, जिन्यात बसून राहिले. परत येऊन ते पाणी मोजायला दिलं. पोटॅशियम.

दांड्याच्या तळाशी बारीक छिद्र असतं, द्रावण त्यातून झिरपतच असतं, त्याशिवाय तो चालतच नाही. पुस्तकात पहिल्या पानावर आहे. मी विद्यार्थ्यांना शिकवलंय. तीनदा बाहेरून धुवायचा आणि आतलं रोज सकाळी थेंब थेंब माझ्याच बाटलीत सोडायचं, आकडा स्थिर होईपर्यंत शांत उभं राहून. आकडा चढत होता तो माझ्या हाताच्या सफाईने नव्हे. बाटलीत मीठ जमत होतं. पाचर मीच मारत होते आणि खाट कशी उभी म्हणून मिरवत होते.

त्याने कपात ओतलं, मोजलं, फेकून दिलं. त्याचा तेहेतीस बरोबर होता.

घरी आल्यावर आंघोळ केली. पुन्हा केली. आत्या दार वाजवून विचारत होती, बरं नाही का? स्वतःच्या हाताला स्वतःच स्पर्श नकोसा होणं म्हणजे काय ते आज कळलं.

६ एप्रिल

सरांना सांगितलं. मला वाटलं ते उठतील. ते उठले नाहीत.

म्हणाले, "तो हेच म्हणत होता."

मी विचारलं, कोण? तर म्हणे, गबाळ्या (त्यांनी खरं नाव घेतलं). फेब्रुवारीतच येऊन त्याने सांगितलं होतं की ताई इलेक्ट्रोड थेट बाटलीत घालतात, त्यातून पोटॅशियम जातंय, पण मी सांगितलं तर त्यांना अपमान वाटतो, तुम्ही सांगा. सरांना ते तेव्हाच पटलं होतं.

मग काढलंत कशाला त्याला? मी विचारलं.

सर म्हणाले, तुम्ही लेखी दिलंत. आणि हसले. दातात पालेभाजी अडकली होती. पुढचं सगळं ते माझ्या भल्यासाठी बोलले. निबंध जवळजवळ स्वीकारलाय. पोटॅशियम थोडंफार सगळ्यांच्याच पाण्यात असतं. परीक्षकाला एखाद्या ताज्या बाटलीचा आकडा पाठवू, तिला इलेक्ट्रोड लागायच्या आधीचा. कायम जागेचा कागद सहीला गेलाय. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो हात काढला नाही. कोट धुवायला टाकलाय.

१४ एप्रिल

काही केलं नाही. कामावर गेले, आले. परीक्षकाला काय पाठवलं ते सरांना विचारलं नाही, म्हणजे माहीत नाही असं म्हणता येईल. हे असले हिशोब मला जमतात, हेही आता कळलं.

२१ एप्रिल

आत्याने ताट पुढ्यातून ओढून घेतलं. म्हणाली, तू खात नाहीस, मी फुकट रांधते, काय झालंय ते बोल. सांगितलं. सगळं, नखांपर्यंत.

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, चूक होते माणसाची. तिने ताटाभोवती सांडलेली शितं वेचली. मग म्हणाली, "तुझा बाप गेला तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी घट्ट आहे, एकटी उभी राहील. मी आपली मागून तुझं बघत राहिले, तुला कळू न देता. तिथेच चुकलं बहुतेक." आणि ताट उचलून आत गेली. भांडी घासल्याचा आवाज येत राहिला.

त्याचा इथे काय संबंध, ते मला कळलं नाही. वय झालंय तिचं.

२३ एप्रिल

गबाळ्याच्या घरी गेले. जुन्या इमारतीचा तिसरा मजला. जिन्यात ओलीचा वास, कठड्याला तेलकट राप. मी कठडा न धरता चढले आणि मध्येच लाज वाटून धरला.

दार त्याच्या बायकोने उघडलं. ती दवाखान्यात नर्स आहे, रात्रपाळी करून आली होती, डोळे सुजलेले. तो घरी नव्हता. हल्ली लोकांच्या घरोघरी जाऊन पाण्याच्या टाक्या तपासतो. मी नाव सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला. बसा ना ताई, तुमच्याबद्दल खूप बोलायचे, सगळी शिस्त तुमच्याकडून शिकलो म्हणायचे. घर नीटनेटकं होतं. हे का लिहिलं? कारण मला ते तसं असेल असं वाटलं नव्हतं.

चहा आणला. मी बोलायला तोंड उघडलं तोच तिने विचारलं, "ताई, तुम्ही तिथे होतात म्हणून विचारते. त्यांनी खरंच काही केलं होतं का हो?"

ती पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, ते म्हणतात मी काही केलं नाही. पण उगाच कोणी काढतं का, असं माझा भाऊ विचारतो. आधी मी भावाशी भांडायचे. आता भांडत नाही. "रात्री ते झोपले की मी त्यांच्याकडे बघत बसते. हा माणूस असं करेल का, म्हणून. लग्नाला सहा वर्षं झाली आणि मी हे बघत बसते."

मी म्हटलं, त्याने काही केलं नाही. मी केलं. आणि कसं केलं ते सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. कप उचलून आत नेला, माझा अर्धा भरलेला होता तरी. बाहेर येऊन दाराशी उभी राहिली. म्हणाली, "मला कशाला सांगता? जिथे लिहून दिलंत तिथे सांगा."

२४ एप्रिल

नियतकालिकाला पत्र गेलं. निबंध मागे घेत आहोत, कारण अमुक. संस्थेच्या संचालकांना दुसरं, त्यात सगळं. सरांना न विचारता दोन्ही. पाठवलं तेव्हा दुपार होती आणि खिडकीबाहेर कोणीतरी गाडी धूत होतं.

३ मे

सर माझ्याशी बोलत नाहीत. हे बरंच आहे.

मोजणी मात्र पुन्हा केली. ताजी बाटली, कपात ओतून पीएच, कप बेसिनमध्ये रिकामा. चौतीस. पुन्हा चौतीस. मग मोजून पोटॅशियम घातलं, थोडं, आणखी थोडं, आणि प्रत्येक वेळी आकडा पायरीपायरीने वर गेला, सदुसष्टच्याही पुढे. दुवे लांब केलेली दुसरी रचना घेतली, तिला तेवढ्याच पोटॅशियममध्ये तेवढी उंची गाठता आली नाही. म्हणजे घडणीला अर्थ आहे. आखूड दुव्यांची रचना मिळालेल्या आधाराचं सोनं करते, एवढंच. आधाराशिवाय तीही पडते.

११ मे

संचालकांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. मला वाटलं, आता जोडे बसणार. त्यांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. विज्ञानात असं धैर्य दुर्मीळ, असं काहीतरी. टाळ्या वाजल्या. सरसुद्धा वाजवत होते, गोड तोंडाने. गबाळ्याला परत बोलावणार, कायम जागा त्याला देऊ करणार, असंही जाहीर झालं.

टाळ्या वाजत असताना मला बरं वाटत होतं. घरी येईपर्यंत वाटत होतं. हे लिहिताना त्याची शिसारी आली, पण तेव्हा आली नव्हती.

१५ मे

तो आला होता. इस्त्रीचा शर्ट, दोन्ही टोकं आत. सरांना भेटून लॅबमध्ये आला. विद्यार्थी आपणहून बाहेर गेले.

मी पाठ केलेलं सगळं बोलले. माफी मागितली. त्याने मध्येच थांबवलं नाही. मग म्हणाला, "इलेक्ट्रोडचं काही नाही. पहिल्या वर्षी मीही तेच करायचो, म्हणून तर ओळखलं. चूक कुणाचीही होते." आज त्याची वाक्यं पूर्ण होत होती. "पण पोटॅशियम कुठून आलं हे शोधायला तुम्ही दुसऱ्या बाटलीच्या वेळी पेल्यात पाणी घेतलंत, मोजलंत. पहिल्या बाटलीच्या वेळी नुसतं माझ्याकडे बघितलंत."

मी म्हटलं, तू परत ये. जागा तुझीच आहे.

"नको. आत्ताच नाही म्हणून आलो."

बायको काय म्हणते? मी विचारलं. विचारायला नको होतं.

"ती आता माफी मागते. रोज मागते," तो म्हणाला. "मला ते ऐकवत नाही." मग टेबलावरून हात फिरवल्यासारखं केलं, पण टेबलाला हात लावला नाही. "आणि तुमच्या शेजारी उभं राहून मला काम नाही जमायचं. किळस येते हो." आवाज चढवून नाही म्हणाला. डॉक्टरांना दुखणं सांगतो तसं सांगितलं. ताई म्हणाला नाही, हे मला तो जिना उतरल्यावर लक्षात आलं.

मी दार लावून आत बसले. रडायला येईल असं वाटलं, आलंही थोड्या वेळाने. पण ही वही मी दुसऱ्या कोणासाठी लिहीत नाही, तेव्हा जे आधी झालं ते आधी लिहायला हवं. "नको" हा शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडला तेव्हा सगळ्यात पहिल्यांदा मनात आलं ते हे की जागा एकच आहे आणि ती आता मोकळी झाली. मला बरं वाटलं. रडू त्यानंतर आलं.